गवराबाईचा हंडा

गेनबाच्या घरात पितळेचा एक हंडा होता आणि घरातली सगळी माणसं त्या हंड्याला भ्यायची. गळ्याखाली ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरलेलं: सौ. गवराबाई गेनबा. गवराबाई मरून आठ वर्षं झाली होती. हंडा मात्र ठणठणीत होता, पोचासुद्धा नव्हता.

तो हंडा रोज डोक्यावर वाहायची ती कुशाबाई, गेनबाची दुसरी बायको. तिला अक्षर वाचता येत नव्हतं, पण चिंचेनं घासून घासून ते नाव तिच्या बोटांना पाठ झालं होतं. तिच्या गळ्यात मंगळसूत्राशेजारी नखाएवढा चांदीचा टाक होता. तोही गवराबाईचाच. रीतच आहे ना आपल्यात! मेलेल्या सवतीला गळ्यात वागवायचं. कुंकू आधी तिला, नवं लुगडं आधी तिच्या अंगाला लावायचं, सणाचा पहिला घास तिचा. चुकलं की ती धरते. जिवंतपणी त्या बाईला या घरात कुणी कधी पहिला घास दिला होता का, हे मात्र विचारायचं नसतं.

चाकणच्या अलीकडचं ते गाव. सगळं शिवार कांद्याचं. गवराबाई मेली ती ह्याच शिवारातल्या पायऱ्यांच्या विहिरीत. बाळंतपणाला महिना झाला नव्हता. पाय घसरला म्हणाले. तान्हं पोरही तिच्या मागोमाग गेलं आणि नऊ वर्षांची सुभद्रा तेवढी मागं राहिली. वर्षाच्या आत कुशाबाई उंबऱ्याच्या आत आली.

पहिली सहा वर्षं गवराबाईनं तिला काही केलं नाही. तिसरं पोर झालं, कांदा काढणी तोंडावर आली, कुशाबाई बाजेवरनं उठून रानात गेली आणि तेव्हापासून हे सुरू झालं.

विहिरीच्या पायऱ्या चढत होती. डोक्यावर भरलेला हंडा, काखेला कळशी. अर्ध्यात आली आणि कुणीतरी खालून ओढलं. पाय नाही, पदर नाही. आतनं ओढलं, ओटीपोटाच्या खालनं, जणू आतड्याला दोरी बांधून पाण्यातनं कुणी हिसका देत होतं. ती भिंतीला टेकली. मागं वळून बघितलं, तर हिरवं पाणी गपगार आणि त्यात तिचीच सावली.

त्यानंतर रोजचंच झालं. दिवस वर चढेल तसा ओढा वाढायचा. सांजेला चुलीपुढं बसली की खाली काहीतरी आल्यासारखं वाटायचं, लिंबाएवढं, मऊ. खोकला आला की लुगडं ओलं. शिंक आली की जीव जायचा, कारण शिंकेबरोबर काय काय जाईल याचा भरवसा नव्हता. गेनबाला सांगावं तर काय सांगावं? गेनबा वाईट माणूस नव्हता. वाईट व्हायलासुद्धा बायकोकडं थोडं लक्ष द्यावं लागतं.

शेवटी सासूनंच ओळखलं. अंबुबाई साठीची, करड्या डोळ्यांची, पाय फाकून चालणारी बाई. कुशाबाई भिंतीला धरून उठताना तिनं बघितलं आणि हातातलं सूप खाली ठेवलं.

"सवत धरतीय तुला," अंबुबाई म्हणाली. एवढंच म्हणाली, आणि देवऋषी दत्तोबाला सांगावा धाडला.

दत्तोबानं ज्वारीचे दाणे टाकले, मोजले, मान हलवली. "गवरा सातीआसरांत मिसळली. पाण्यातल्या बायकांत गेली ती. तिला पाणी पायजे. रोज दिवेलागणीच्या आत तिच्याच हंड्यानं, काठोकाठ भरून, बांधावरच्या आसरांना पाणी घालायचं. खंड पाडायचा न्हाई."

घ्या! आगीतनं फुफाट्यात. दिवसभराच्या खेपा होत्याच, वर भुताची एक खेप वाढली. कुशाबाई इमानेइतबारे पाणी घालायची. बांधावरच्या शेंदरी सात दगडांवर हंडा रिकामा करायची आणि म्हणायची, "बाई, पी. पोटभर पी. पर मला सोड." आणि गवराबाई जास्तच ओढायची. कुशाबाईला वाटायचं, काय हावरी बाई असेल ही!

मग एक गोष्ट तिच्या ध्यानात आली, आणि ती आली बाहेर बसली असताना.

महिन्याचे चार दिवस अंबुबाईच्या घरात फार कडक. गोठ्याच्या पडवीत घोंगडी, लांबनं भाकर. पाण्याला, चुलीला, हंड्याला शिवायचं नाही. आता विटाळशी बाईला भूत आधी धरतं, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. पहिल्या वेळी कुशाबाई पडवीत बसली ती जीव मुठीत धरून. उशाला विळा घेतला. आणि गवराबाई आलीच नाही. दुसरा दिवस गेला, तिसरा गेला, अंग हलकं झालं. पुढच्या महिन्यात तेच. त्याच्या पुढच्या महिन्यातही तेच. चौथ्या दिवशी न्हाऊन पहिला हंडा उचलला की बाईसाहेब हजर!

कुशाबाई पडवीत गुडघ्यांवर हनुवटी ठेवून विचार करायला लागली. गवराबाई हंड्याबरोबर येते. हंडा खाली ठेवला आणि आडवं झालं की जाते. पहाटे नसते, सांजेला असते. हे भुताचं वेळापत्रक नव्हे, हे तर कामाचं वेळापत्रक! तिला बरं वाटायला हवं होतं, पण अंगावर काटाच आला. गवराबाई नाही, तर मग आत बसलंय कोण?

त्याच खेपेला गावात देवी टोचायला चाकणच्या दवाखान्यातनं नर्स आली. विमलबाई तिचं नाव. पांढरं पातळ, हातात पत्र्याची पेटी. घराघरातली पोरं टोचून झाल्यावर तिनं पडवीकडं बघितलं.

"तिला शिवू नगा," अंबुबाई ओसरीवरनं ओरडली. "बाहेर बसलीया."

"मला चालतं," विमलबाई म्हणाली आणि सरळ येऊन घोंगडीवर बसली. अंबुबाई चार पावलं मागं सरली. विटाळाचा असा उपयोग कुशाबाईला आयुष्यात पहिल्यांदाच झाला: ऐकायला जवळ कुणी येऊ शकत नव्हतं.

"तोंड असं का उतरलंय?" विमलबाईनं विचारलं.

कुशाबाईनं इकडंतिकडं बघितलं आणि सांगून टाकलं. "मेलेली सवत ओढती मला. बाळंतीन असताना इहिरीत गेली ती. खालनं ओढती."

विमलबाई हसली नाही. "कधी ओढते?"

"उचलताना. खोकताना. सांजच्याला लई."

"आणि निजल्यावर?"

"जाती."

"भुताला तू निजायची वाट बघायचं काय कारण?" विमलबाई म्हणाली. "ते तर निजलेल्याच्या छातीवर बसतं म्हणतात ना?" मग तिनं पडदा म्हणून घोंगडी आडवी टांगली, हळूच तपासलं, आणि हात पुसत बसली. "अंग, म्हणजे गर्भाची पिशवी, खाली सरकलंय तुझं. अजून फार नाही. हे बघ, आपल्या खाली मांसाची झोळी असते, पोराला टांगतो तशी. सगळं त्या झोळीवर बसलेलं. पोर येताना ती ताणते. तिला परत आवळायला सव्वा महिना तरी निवांतपणा पाहिजे, आणि तुम्ही त्या ओल्या झोळीत लगेच हंडा ठेवता."

मग तिनं शिकवलं. लघवी मध्येच धरून ठेवावी तसं खालनं वर ओढून घ्यायचं, थोडं धरायचं, सोडायचं. परत धरायचं. श्वास कोंडायचा नाही, पोट आवळायचं नाही. वजन उचलायच्या आधी धरायचं, खोकायच्या आधी धरायचं. कुंथायचं नाही. दुपारी जरा आडवं व्हायचं. नाहीच भागलं तर चाकणला यायचं, आत बसवायला रबरी कडं मिळतं, आणि अगदीच हाताबाहेर गेलं तर पुण्याला शस्त्रक्रिया होते.

"रोज कर. आठवड्यात गुण नाही यायचा, महिने लागतील," ती उठता उठता म्हणाली, आणि मग थांबली. "तुझी सवत बाळंतपणानंतर हंडा कधी उचलायला लागली होती?"

"बाराव्या दिशी. या घरात बाराव्यालाच पानी पुजून हंडा उचलत्यात."

विमलबाईनं पेटी उचलली. "मग तिलाही कुणीतरी ओढलंच असेल की."

ती गेली, आणि तिचं ते शेवटचं वाक्य कुशाबाईच्या मानगुटीवर बसलं.

ती करायला लागली. जात्यावर, चुलीपुढं, म्हशीखाली धार काढताना. त्या घरात कुणाला न दिसणारं, कुणी न सांगितलेलं, तिचं स्वतःचं असं हे एकच काम होतं. आसरांचा हंडा ती अर्धाच भरायला लागली. आसरांनी कधी तक्रार केली नाही. दसरा गेला, दिवाळी गेली, संक्रांतीपर्यंत ओढा पार कमी झाला. लिंबाचं बोर झालं, आणि शिंकेला ती भिईनाशी झाली.

पण गवराबाई काही गेली नाही. उलट आता ती दिसायला लागली! विहिरीच्या पायऱ्यांवर, अर्ध्यात, भिंतीला टेकलेली. एक हात हंड्याला, एक हात ओटीपोटाला. वर बघणारी, अजून किती पायऱ्या राहिल्या ते मोजणारी. कुशाबाई तिच्याशेजारनं चढून जायची आणि तिला रडू यायचं. आधी नुसती भीती होती, आता कीव आली होती, आणि कीव भीतीपेक्षा वाईट. भीती उजेड पडला की जाते तरी.

माघात सुभद्रा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. गवराबाईचीच लेक ती, तसलंच लांबट तोंड, तसंच खाली बघून बोलणं. रहाटणीला दिली होती. तिचा नवरा मुरारी पिंपरीला नव्या निघालेल्या औषधाच्या कारखान्यात कामाला होता, शिफ्टमधनं सुटला की सायकल मारत यायचा. सुभद्रा कुशाबाईला मावशी म्हणायची. दोघींच्यात दहा वर्षांचंही अंतर नव्हतं, पण ह्या पोरीला कुशाबाईनं न्हाऊ घातलं होतं, तिच्या वेण्या घातल्या होत्या. सावत्रपणाची कुजबुज गावानं केली. त्या दोघींनी नाही.

बाळंतपण अवघड गेलं. सुईण मंजुळाबाई पहिल्या कळेपासनं "जोर दे, जोर दे" म्हणून ओरडत होती, पोट दाबत होती. मुलगा झाला. मंजुळाबाईनं जुनं लुगडं घेऊन पोट करकचून बांधलं. तिची पाठ वळली की कुशाबाई ते सैल करायची.

बारसं दोन-तीन दिवसांवर आलं असताना कुशाबाई शेगडी घेऊन आत गेली, तर सुभद्रा भिंतीकडं तोंड करून पडलेली. डोळे टक्क उघडे.

"मावशे," ती पुटपुटली. "आय ओढतीया मला."

कुशाबाईनं शेगडी खाली ठेवली. "काय म्हनलीस?"

"मोरीपतुर गेले तरी खालनं ओढतीया. जड जड. आय बोलावतीया मला इहिरीत. तुलाबी ओढत हुती न्हवं? समद्यास्नी ठाव हाय." पोरीनं तिचं मनगट घट्ट धरलं. "जाऊ का मी? न्हाई गेले तर बाळाला न्हेईल ती."

 कुशाबाईनं पोरीला जवळ घेतलं, झोळीची गोष्ट सांगितली, विमलबाईचं सांगितलं. पोरगी ऐकत होती आणि ऐकत नव्हती. तिची नजर परत परत दाराकडं जात होती, विहिरीच्या वाटेकडं.

आता बाराव्या दिवशी काय होणार हे कुशाबाईला लख्ख दिसत होतं. नटूनथटून पोरीला त्याच विहिरीवर नेणार, पाणी पुजायला लावणार, आईच्याच नावाचा भरलेला हंडा डोक्यावर देणार. त्या पायऱ्या, ते पाणी, तो ओढा. पोरगी वर येईल याची काय शाश्वती? आणि वर आली, तरी दुसऱ्या दिवशी सासू तिला रहाटणीला नेऊन नदीच्या खेपांना जुंपणार होती.

ती अंबुबाईकडं गेली. "आत्याबाई, पानी सव्वा महिन्यानं पुजू. पोरीला सोसायचं न्हाई."

"मी बाराव्याला उचलला. माझ्या सासूनं बाराव्याला उचलला," अंबुबाई म्हणाली. "आमी काय मेलो?"

"गवराबाई मेली."

अंबुबाईनं पिठाचा हात झटकला. "त्या पोरीचं नाव तोंडात घिऊ नगंस," ती म्हणाली, आणि पुढं बोलणं झालं नाही. गेनबाला सांगितलं तर तो म्हणाला, बायकांच्यातलं मला काय कळतंय. मुरारीला गाठलं तर तो म्हणाला, आमच्यात आय ठरवंल तसं. जिवंत बाईचं ऐकायला त्या घरात कुणालाच वेळ नव्हता.

बाराव्याला ऊन कलायच्या आत बायका विहिरीवर जमल्या. सुभद्राची सासू रहाटणीहून आली होती. सुभद्राला हिरवी चोळी, हिरव्या बांगड्या, डोक्याला फडकं. ती पायऱ्या उतरली ती झोपेत चालल्यासारखी. पाण्याला हळदकुंकू वाहिलं, आणि वाकली ती वाकलेलीच राहिली, पाण्यात बघत. अंबुबाईनं हंडा बुडवला. बुडबुड करत भरला. ठिपक्यांचं नाव पाण्यानं चकाकलं.

"उचल, बाय. आयचा हाय तुझ्या," अंबुबाई म्हणाली.

सुभद्रानं हात पुढं केले. तिचे ओठ हलले. "आले," असं काहीतरी म्हणाली ती, आणि ते अंबुबाईला नव्हतं.

कुशाबाई तिच्या मागच्याच पायरीवर उभी होती. तिनं अंबाडा सोडला. केस मोकळे झाले तसा तिनं अशी काही आरोळी ठोकली की विहिरीतली पारवे भर्रकन उडाले.

"ठेव खाली!"

बायका भिंतीला चिकटल्या. कुशाबाईनं जत्रांत कमी बायका घुमताना बघितल्या नव्हत्या. ती घुमायला लागली, डोळे फिरवले, दात खाल्ले.

"माझा हंडा माझ्या लेकीच्या डोईवर कोन ठेवतंय?"

"गवरा! गवरा आली!" मंजुळाबाई किंचाळली आणि मटकन खाली बसून हात जोडले. "बाई, काय पायजे तुला? लुगडं? कोंबडं?"

"सव्वा महिना पायजे! सव्वा महिना माझ्या लेकीनं घागर उचलायची न्हाई. जातं ओढायचं न्हाई. पोट आवळायचं न्हाई. दुपारचं निजू द्यायचं." ती सुभद्राच्या सासूकडं वळली. "तुझ्याकडं न्हेऊन मोडशील तर तिथंबी यीन. रहाटणीला इहिरी न्हाईत व्हय?"

"न्हाई मोडत! न्हाई मोडत, आई!" सासू थरथर कापत म्हणाली. नऊवारीचा काष्टा सावरायचंही तिला भान नव्हतं.

इथपर्यंत कुशाबाईनं जुळवून ठेवलेलं होतं. रात्रभर पडल्या पडल्या तिनं ते घोकलं होतं. काम झालं होतं, आता खाली पडायचं आणि शुद्ध हरपायची. पण तिचं तोंड थांबेना. आवाज बारीक झाला, खाली बघून बोलणारा झाला.

"सुबे, मी न्हाई गं ओढत. मी कुनालाच ओढत न्हाई. मला भिऊ नगं. माझ्याकडं यिऊ नगं. मला वर यायचं हुतं गं. मला वरच यायचं हुतं."

सुभद्राला सुबी म्हणणारं त्या घरात कुणीच उरलं नव्हतं. पोरीनं झटका बसल्यासारखी मान वर केली, "आय!" म्हणून हंबरडा फोडला आणि पाण्याकडं पाठ करून कुशाबाईच्या कमरेला मिठी मारली. कुशाबाईच्या पायाचा धक्का लागला की तिनंच लोटला, कुणास ठाऊक, पण भरलेला हंडा पायरीवरनं कलंडला, दोनदा घणाणला आणि हिरव्या पाण्यात गेला. कुणी काढायचं नाव घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे कुशाबाई म्हशीखाली बसली होती. अंबुबाई भिंत धरत धरत आली आणि दावणीच्या दगडावर टेकली. 

"ती न्हवती काल," अंबुबाई म्हणाली.

कुशाबाईनं वर बघितलं.

"गवरा माझ्या भावाची लेक. म्या मांडीवर खेळवली, म्याच सून करून आनली. जल्मात कधी मला न्हाई म्हनली न्हाई. बाराव्याला हंडा दिला, उचलला. भिंत धरून चालायची, बोलली न्हाई. तिनं तोंड उघडलं असतं ना, तर जगली असती." करडे डोळे पाण्यानं भरले होते. "ओरडनारी तू हुतीस."

"ती बोलली न्हाई," कुशाबाई हळूच म्हणाली. "पर तुमाला दिसत हुतं, आत्याबाई."

"व्हय. दिसत हुतं." अंबुबाईनं पदरानं तोंड पुसलं. "माझंबी तसंच हाय की. गेनबाच्या वक्तापासनं. चिंधीचा बोळा बसवून चालतीया. वाटलं, बाईचा जल्म म्हंजी हेच. मला सोसलं, तिलाबी सोसंल."

कुशाबाईला राग आला, केवढा तरी राग आला. ती म्हातारी पाय फाकून का चालते हे आठ वर्षांत आपणही कधी विचारलं नाही, हेही त्याच क्षणी तिला आठवलं. तिनं धारेचं भांडं बाजूला ठेवलं.

"तू त्या चुलीम्होरं बसून कायतरी करतीस," अंबुबाई म्हणाली. "तोंडावरनं कळतंय. आन् तू बरी झालीस. ते मला दाव."

"चाकनला जाऊ. विमलबाई रबरी कडं बसवंल. त्यानं पयला आराम पडंल."

"जाऊ. पर आदी ते दाव."

कुशाबाई तिच्यापुढं उकिडवी बसली आणि सांगायला लागली. अंबुबाईनं डोळे मिटले, तोंड आवळलं, मान ताठ केली, सगळं अंग थरथरलं. मग दम सुटला.

"उशीर झाला का गं?"

"झालाय थोडा," कुशाबाई म्हणाली. "दम कोंडू नका. आता परत धरा."

आत बाळ रडायला लागलं. घरात दुसरा हंडा नव्हता आणि ह्या दोघी तर उठेनात, म्हणून पाण्याला त्या दिवशी गेनबा गेला, लहान कळशी घेऊन.